सेतुरावांचं अकरावं घर

तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत मला पहिली नोकरी लागली, तेव्हा तिथे आपल्याशी मराठीत बोलणारं कोणी भेटेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेडबाहेर उभी राहून मी कोल्हापूरला आईशी फोनवर बोलत होते. इथला उकाडा, इथलं जेवण, मालकांचं न कळणारं इंग्रजी, सगळ्यांवर मनसोक्त तोंडसुख घेऊन झालं. फोन ठेवला आणि मागून आवाज आला,

"बाई, तुम्ही कोठचे? तक्रार पुष्कळ सांगितलांत, गांव सांगितलां नाहीं."

वळून पाहिलं तर एक बुटका, सावळा माणूस. कपाळावर अंगाऱ्याचं बारीक बोट, कानामागे चपटी पेन्सिल, भुवयांवर लाकडाचा भुसा. माझा चेहरा उतरलेला पाहून तो खुदकन हसला.

"भिऊं नका. मुदलाळीस मराठी येत नाहीं."

मुदलाळी म्हणजे मालक. आणि हा माणूस म्हणजे सेतुराव, आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. तमिळ कामगार त्यांना 'राव मेस्तिरी', म्हणजे राव मिस्त्री म्हणत. घराणं तंजावरच्या मराठ्यांबरोबर दक्षिणेत आलेलं, राहायला जवळच्याच आवडी नावाच्या गावात. बोलायचे ती मराठी अशी की ऐकताना एखादी जुनी पोथी मध्येच तमिळमध्ये 'सेरी, सेरी', म्हणजे 'बरं, बरं' म्हणतेय असं वाटे. 'मी पाहिलं' असं ते कधी म्हणत नसत. 'मी पाहिलों' म्हणत. मी एकदा भीत भीत ते चुकीचं असल्याचं सांगितलं.

"चूक कोणाची मा?" ते म्हणाले. तमिळ माणूस मायेनं लावतो तसा 'मा' त्यांच्या प्रत्येक वाक्याला असे. "आम्ही तीनशें वर्षें झांकून ठेविलों ही भाषा. तुम्ही तेथें उघडी टाकून बिघडविलांत."

त्यांनी डबा उघडला, दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर माझ्या पोळीवर वाढलं, आणि वाद संपला.

आमच्याकडे ओतकामाचे पॅटर्न होत. लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, पण त्या वाळूत पोकळी उठवायला आधी त्याच आकाराची लाकडी वस्तू दाबावी लागते. ती वस्तू म्हणजे पॅटर्न. पंपाची झाकणं, मोटारींचे भाग, व्हॉल्व्ह, सगळ्यांचे पॅटर्न सेतुराव चाळीस वर्षं सागवानात घडवत आले होते. मला घेतलं होतं ते संगणकावर तेच आकार काढून मशीनला देण्यासाठी. सरळ सांगायचं तर त्यांची जागा घ्यायला. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी डांगर वाढत होते.

कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ह्याचें पोट कोठें?" बाहेरचा आकार ते नंतर बघत. वस्तूच्या आत पोकळी कशी आहे, ती कुठून उघडते, हे कळल्याशिवाय पटाशीला हात नाही. आणि काम झालं की डोळे मिटून अंगठा फिरवत. अंगठा अडला तिथे पेन्सिलीची खूण करत. मी विचारलं तर म्हणाले, "डोळ्यास जें पाहिजेल तें दिसतें. आंगठ्यास जें आहे तें लागतें."

माझी पहिली मोठी चूक त्यांनीच पकडली. पंपाच्या झाकणाचं मॉडेल मी थेट मशीनला पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर ओल्या वाळूनं भरलेलं घमेलं घेऊन आले. खिशातून स्टीलचा पेला काढला, वाळूत दाबला, उचलला. खळगा स्वच्छ उठला. मग माझ्या भिंगाची चौकोनी डबी उचलून दाबली आणि वर ओढली. वाळूच्या कडा ढासळल्या.

"पेला वरतीं रुंद, खालीं अरुंद. म्हणून सुटतो. तुमचा झांकण डबीसारखा आहे, मा."

बाजूंना उतार द्यायलाच मी विसरले होते. मशीन थांबवलं. मुदलाळींना त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. मी आभार मानले तर घमेलं उचलत म्हणाले, "वाळू परत टाकून येतों. ती मूर्ती ओतावयाची वाळू आहे, मोलाची."

वर्षभरानं मुदलाळींनी जाहीर केलं की लाकूडकामाची शेड बंद करायची. तिथे वस्तूच छापून काढणारी, थ्री-डी छपाईची तीन नवी मशीनं येणार. सेतुरावांना हार, शाल आणि निरोप. त्यांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला पेरुंगुडीत आयटीत होती, ती आनंदली. 'अप्पा, आता तरी घरी बसा' म्हणाली. त्या दिवसापासून सेतुराव एकेक पटाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घासू लागले.

अशात आमच्याकडे डॉक्टर मलरविळी आल्या. त्या समुद्राच्या अभ्यासाच्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. सगळे त्यांना मलर मॅडम म्हणत. पर्समधून त्यांनी काचेची पट्टी काढली. तिच्यावर वाळूचे चार कण चिकटवल्यासारखे दिसत होते.

"भिंगातून बघा," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं आणि बघतच राहिले. ते कण नव्हते, शंख होते. चक्राकार, कप्प्याकप्प्यांचे, भिंतींना बारीक छिद्रं. मॅडमनी सांगितलं, हे फोरॅम. समुद्रातले एकपेशीय जीव. डोळे नाहीत, तोंड नाही, मेंदू तर नाहीच. तरी पाण्यातून चुना घेऊन हा जीव स्वतःभोवती घर बांधतो. आधी एक गोल खोली. त्यात मावेनासा झाला की तिला लागून दुसरी, थोडी मोठी. मग तिसरी. जुनी खोली कधी पाडत नाही. आणि पाणी गरम की गार, गोडं की खारं, अन्न भरपूर की टंचाई, लाटांचा मार की संथ चिखल, या सगळ्यांप्रमाणे घराचा आकार बदलतो.

त्यांना अंध मुलांसाठी एक दालन करायचं होतं. "डोळस मुलं भिंगातून बघतात. या मुलांनी काय करायचं? मला हे हजारपट मोठं करून त्यांच्या हातात द्यायचंय."

काम माझ्याकडे आलं. मॅडमनी क्ष-किरणांनी घेतलेल्या चित्रांच्या फायली दिल्या. संगणकात त्या भरल्या तर आकृतीला सगळीकडे खरबरीतपणा आणि खाचा. मी सवयीनं सॉफ्टवेअरचं बटण दाबलं, सगळं गुळगुळीत करून घेतलं आणि बाहेरून छपाई करवली. दोन फुटी पांढराशुभ्र शंख आला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मॅडमनी तो शाळेतल्या काही मुलांच्या हातात देऊन पाहिला आणि परत आणला. त्यांचा आवाज पडला होता.

"मुलं म्हणाली, छान आहे, मडकं आहे का?"

उद्घाटनाला तीन आठवडे उरले होते. मी मान खाली घालून उभी. तेवढ्यात सेतुराव सहज म्हणून आत आले. टेबलावरचा शंख त्यांनी मांडीवर घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि तमिळमध्ये म्हणाले,

"हे वाढलेलं नाही. हे फुगवलेलं आहे."

मलर मॅडमनी चमकून पाहिलं. "परत सांगा, राव सार."

"वाढलेल्या वस्तूला सुरुवात असते. ह्याची सुरुवात कुठाय? ह्याचं पोट कुठाय?"

त्या दोघांचं बोलणं तमिळमध्ये चालायचं, मी इथे मराठीत देतेय. पण त्या दुपारी मॅडमनी खुर्ची ओढली आणि दोन तास त्यांना चित्रं समजावत बसल्या, ते मला कुठल्याही भाषेत कळलं असतं. शेवटी सेतुराव म्हणाले, "बाहेरून कोरून हा होणार नाही. तो बांधतो तसाच बांधावा लागेल. एका मागोमाग एक घर."

कप्पा हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. घरच म्हणत.

मुदलाळी नाखूष होते. शेड रिकामी करायची, तर हे नवं काय? पण मॅडमनी शब्द टाकला आणि त्यांनी तीन आठवडे दिले.

सेतुरावांनी सागवानाचा एक गोळा कातला, लिंबाएवढा. ते पहिलं घर. मग चित्रांवर कंपास लावून मोजमापं काढली आणि त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक घर मागच्यापेक्षा जवळपास त्याच हिश्शानं मोठं होत जातं. त्या हिश्शाची त्यांनी लाकडी पट्टी बनवली. मला बोलावून दाखवली.

"पाह मा. शाळा नाहीं, पट्टी नाहीं, मेस्तिरी नाहीं. तरी माप चुकत नाहीं हा. आमच्या शेडमध्यें घ्यावें असा कारागीर."

एक घर कोरायचं, आतून पोकळ करायचं, मागच्याला जोडायचं, मधलं भोक जुळवायचं. एका बाजूनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी घरं दिसतात, दुसऱ्या बाजूनं फक्त शेवटचा फेरा. "ह्या आंगानें सगळा जन्म, त्या आंगानें फक्त म्हातारपण," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन दिवसभर गुणगुणत राहिले.

दोन आठवड्यांत अठरा घरं उभी राहिली. शेडमधले सगळे बघायला येत. मलर मॅडम आल्या, वाकल्या, पहिल्या घरावर बोट ठेवलं आणि एकेक घर मोजत निघाल्या. अकराव्यावर थांबल्या. परत मागे गेल्या. परत अकरावर आल्या.

"राव सार, चित्रात अकरावं घर लहान आहे. जरा चेपलेलं. बारावंही थोडं लहान."

"होय," सेतुराव सहज म्हणाले. "ते चित्र काढताना बिघडलं होतं. मी पट्टीनं बरोबर करून घेतलं."

मॅडम त्यांच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

"चित्र बिघडलं नव्हतं, सार. हा जीव नदीच्या मुखाशी राहायचा. मोठा पाऊस झाला की खाऱ्या पाण्यात एकदम गोडं पाणी घुसतं. अन्न कमी होतं. असंच काहीतरी तेव्हा झालं असणार. त्या दिवसांत त्याला मोठं घर बांधणं जमलं नाही. जेवढं जमलं तेवढं बांधलं. मग पाणी सुधारलं, तर तेरावं परत पहिल्या मापानं."

सेतुरावांचा अंगठा अकराव्या घरावर फिरत राहिला. तिथे तो कुठेच अडत नव्हता.

"म्हणजे तो दोष नव्हे," ते शेवटी म्हणाले.

"नाही सार. आम्ही शास्त्रज्ञ तर तेच शोधत असतो. घरं वाचली की कळतं, त्या वेळी समुद्रात काय चाललं होतं."

मुदलाळी तिथेच होते. ते म्हणाले, "मॅडम, आठ दिवस राहिलेत. मुलांना काय कळणार एक घर लहान की मोठं? राहू दे."

मॅडम नाही म्हणाल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. त्यांनी तोंड उघडायच्या आतच सेतुरावांनी भिंतीवरची करवत काढली होती. अकरापासून अठरापर्यंत, आठ घरं. दोन आठवड्यांतल्या कामाचा सगळ्यात मोठा, सगळ्यात देखणा भाग. करवत दहाव्या घराच्या कडेला लागली आणि शेडमधले सगळे रंधे थांबले. तुकडा सुटून जमिनीवर पडला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या नाही. ते माझ्याकडे बघून आमच्या भाषेत म्हणाले,

"चाळीस वर्षें मी दोष काढलों, मा. आतां एक घडवितों. पाहूं येतो का."

येत नव्हता. हीच तर गंमत झाली. ज्या हातांना सरळ करायची सवय, त्यांना चेपलेलं जमेना. पहिलं अकरावं घर त्यांनी फेकून दिलं. "हें अपघात झाल्यासारखें आहे. ह्यानें अपघात केला नाहीं, बांधिलों आहे." दुसरंही फेकलं. तिसऱ्या दिवशी मी चित्र मोठं करून भिंतीवर लावलं, तेव्हा ते त्याच्यासमोर डोसा खात बसले आणि एकदम म्हणाले, "भिंत पातळ नाहीं. घर लहान आहे, पण भिंत पातळ केली नाहीं त्यानें." तिसरं घर बसलं. तिथून अठरापर्यंत ते सुसाट गेले. दोन दिवस मुलीचा फोनही उचलला नाही.

शेवटी पॉलिशवरून आमचं भांडण झालं. मी म्हणत होते चकचकीत करा. ते म्हणाले, छिद्रांचा खरबरीतपणा ठेवणार, बोटाला लागायला पाहिजे. मी हरले.

उद्घाटनाच्या सकाळी सेतुराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि खांबाच्या आड उभे होते. मुदलाळीही आले होते, घड्याळ बघत. भाषणं झाली. मग दहा-बारा मुली आत आल्या, एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून. त्यातली तेनमोळी नावाची, वेणीत मोगरा माळलेली मुलगी पहिल्यांदा टेबलापाशी आली. मॅडमनी तिचा हात पहिल्या घरावर ठेवला आणि बाजूला झाल्या. काहीही सांगितलं नाही.

तेनमोळीची बोटं त्या लिंबाएवढ्या गोळ्याभोवती फिरली. मग पुढे सरकली. ती तमिळमध्ये मोजू लागली, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. सात. आठ. नऊ. दहा.

मग थांबली.

खांबाशी सेतुरावांनी डोळे मिटून घेतले होते.

तिची बोटं मागे गेली, पुढे आली, त्या लहान घराच्या भिंतीवरून सावकाश फिरली.

"मॅडम," ती म्हणाली, "इथे ह्याला काय झालं?"

मलर मॅडमनी स्वतःला सावरत विचारलं, "तुला काय वाटतं?"

"बरं नव्हतं का ह्याला? की खायला मिळत नव्हतं?" बोटं बाराव्यावर गेली, तेराव्यावर गेली, आणि तिचा चेहरा उजळला. "पण मग वाढलं! हे बघा, हे मोठं. हे त्याहून मोठं. हे तर केवढं मोठं!"

तिला हसू आवरेना. बाकीच्या मुली 'मला दे, मला दे' करत पुढे झाल्या आणि वीस बोटं एकाच वेळी अकरावं घर शोधू लागली. टाळ्या कोणी सुरू केल्या मला माहीत नाही. मलर मॅडम रडत होत्या आणि हसत होत्या. मुदलाळी घड्याळ विसरले होते.

तेनमोळीनं विचारलं, हे केलं कोणी? आम्ही सेतुरावांना ढकलत पुढे आणलं. तिनं त्यांना एवढंच सांगितलं, "सार, खरबरीत ठेवलंत ते बरं केलंत. गुळगुळीत असलं की बोट घसरतं."

सेतुरावांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी जन्मभर विसरणार नाही. आयुष्यात एवढा पूर्ण पराभव मला कधी इतका आवडला नाही.

त्यानंतर शेड बंद झाली नाही. संस्थेनं आणखी अकरा आकार मागितले. छपाईची मशीनं पलीकडच्या शेडमध्ये गेली, आणि माझं टेबल सेतुरावांच्या शेडमध्ये आलं. माझं काम एवढंच की चित्रातली कुठलीही खाच पुसायची नाही. मलर मॅडम नवं चित्र आणत आणि हा जीव कुठे राहायचा ते सांगत नसत. आधी सेतुरावांनी ओळखायचं. ते अंगठ्यानं कागद चोळत. "भिंत जाड, अंग चपटं, बुडाला पकड. लाटांत राहणारा." बरोबर. "भिंत पातळ, लांबोडका. चिखलात, हवा कमी." बरोबर. अंगभर काटे असलेला आला तेव्हा ते आत्मविश्वासानं म्हणाले, "हा भांडखोर." मॅडम पोट धरून हसल्या. तो पृष्ठभागाजवळ तरंगणारा होता. काटे तरंगायला आणि भक्ष्य धरायला. सेतुराव चार दिवस त्या काट्यांवर रुसले होते. मग इतके नाजूक घडवले की मॅडमनी हात लावायला भीती वाटते म्हणून सांगितलं.

मला पुण्याला नोकरी लागली, त्याच आठवड्यात बारावा आणि शेवटचा नग तयार झाला. सगळ्यात मोठा, बैलगाडीच्या चाकाएवढा सपाट. तो संस्थेत न्यायला टेम्पो बोलावलेला होता, पण सेतुरावांनी टेम्पोच्या मागच्या खडबडीत फळीवर नुसती नजर टाकली आणि नको म्हणाले. चादरीत गुंडाळून आम्ही दोघांनी तो नग अंबत्तूर स्टेशनवर नेला. दुपारची वेळ, गाडी बरीच रिकामी होती. मी त्यांना गाडीपर्यंतच पोचवायला गेले होते.

त्यांनी तो खिडकीपाशी बाकावर टेकवला, चादर नीट केली, आणि स्वतः शेजारी दांडी धरून उभे राहिले. समोर बसलेल्या बाईनं सरकून जागा दिली आणि तमिळमध्ये म्हणाली, "ते सामान खाली ठेवा ना, तुम्ही बसा."

"सामान नाही, अम्मा," सेतुराव म्हणाले. "वाळूच्या कणाएवढा जन्मला होता. त्याला बसू दे खिडकीशी. मी उभा राहतो."

गाडी सुटली. ती बाई पुढे वाकून चादरीची कड उचलत होती, डब्यातले आणखी दोघं-तिघं उठून जवळ आले होते, आणि सेतुराव एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं त्यांना पहिलं घर दाखवत होते. मला हात करायचं ते विसरूनच गेले.